धुराचें पंचांग

कार्तिक लागला कीं मुंबईच्या उपनगरांतील घरांत एक वाद दरवर्षीं नव्यानें निघतो. पहांटे गच्चीवर उभें राहिलें असतां समोरच्या इमारतींचे वरचे मजले स्वच्छ दिसतात आणि खालचे मजले पांढुरक्या पडद्याआड गेलेले असतात. घरांतील वडील मंडळी त्यास धुकें म्हणतात, शाळेंत जाणारीं मुलें धूर म्हणतात. आमच्या मतें या वादांत मुलांचा पक्ष बहुतांशीं खरा आहे. पण तो धूर कोणाचा, किती, आणि कोठून आला, हें डोळ्यांस कळत नाहीं. नाकास थोडें कळतें; परंतु नाकाची साक्ष कचेरींत चालत नाहीं. तेथें गणित लागतें. हें गणित आतां संगणकावर होतें, त्याचें एक मान्यता पावलेलें सॉफ्टवेअर अमेरिकेचें सरकार कोणासही विनामूल्य देतें, तें शिकविण्याचे वर्ग भरतात, आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथें आपल्या घराशेजारीं काय उभें राहूं द्यावें, याचा निर्णय कांहीं अंशीं त्या उत्तरावर होतो. तेव्हां त्याची ओळख सुशिक्षित कुटुंबांनीं करून घ्यावी, एवढ्या हेतूनें आम्ही हें लिहीत आहों.

धुराड्यांतून निघालेल्या धुराला वारा एका दिशेनें नेतो, आणि नेतां नेतां तो धूर वरखालीं व दोन्ही बाजूंस फांकत जातो. वारा जितका जोराचा, तितका तो अधिक हवेंत मिसळून पातळ होतो. लोटाच्या मध्यभागीं तो दाट, कडेकडेस विरळ. आणि दाटीचा हा उतार गाउस या जर्मन गणित्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या घंटाकृति वक्ररेषेप्रमाणें असतो, असें धरून चालतात. मूळ कल्पना एवढीच. आतां फांकणें किती होणार, हें त्या वेळच्या हवेच्या स्वभावावर अवलंबून. वैशाखांतील दुपारीं तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळत असते. तींत धूर क्षणांत पसरतो. पौषांतील निरभ्र रात्रीं याच्या उलट. जमीन लौकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन खालींच बसते, आणि तिच्यावरील उबदार हवेचें जणूं झांकण पडतें. इंग्लंडांतील पास्किल नांवाच्या शास्त्रज्ञानें १९६१ सालीं ऊन, ढग व वारा एवढ्याच गोष्टी पाहून हवेचे सहा वर्ग पाडले, आणि पुष्कळ वर्षें सर्व हिशेब त्या वर्गांवर चालले. २००५ सालीं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें याहून सूक्ष्म विचार करणारें 'एरमॉड' हें गणित अधिकृत म्हणून स्वीकारलें. त्याच्या जोडीला दोन सहायक आहेत: 'एरमेट' हवामानाच्या नोंदी लावून देतो, 'एरमॅप' डोंगरांची उंचसखलता लावून देतो. धुराड्यापासून सुमारें पन्नास किलोमीटरपर्यंत हें गणित वापरावें, असा संकेत आहे.

ज्या वाचकांच्या घरीं पंचांग येतें, त्यांस हा प्रकार अगदींच अपरिचित वाटूं नये. आपल्याकडे ज्योतिषाचे ग्रंथ दोन जातींचे असत. सिद्धांतग्रंथांत उपपत्ति असे; करणग्रंथांत नुसती रीत असे, म्हणजे अमुक अंक घ्यावा, अमुकानें गुणावा, अमुकानें भागावा, कीं ग्रह मिळाला. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें 'ग्रहलाघव' लिहिलें. ज्या अर्धज्यांच्या कटकटीनें विद्यार्थी घाबरत, त्या त्यांनीं गणितांतून काढूनच टाकल्या. काम इतकें सोपें झालें कीं पुढें शतकेंच्या शतकें जोशीमंडळी त्याच्यावर पंचांगें करीत राहिली. पण काळ लोटतां लोटतां गणितांतला ग्रह आणि आकाशांतला ग्रह यांत अंतर पडत गेलें. केरूनाना छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक या विद्वानांचा सारा आग्रह एकाच गोष्टीसाठीं होता: गणित दृक्प्रत्ययास उतरलें पाहिजे, आकाशाकडे पाहिल्यावर तें खरें दिसलें पाहिजे. यांत ग्रहलाघवकारांचा दोष नव्हता. दोष होता तो आकाशाकडे न पाहतां रीत चालविणारांचा.

एरमॉड हा आजचा करणग्रंथच होय. अंक भरावे, कळ दाबावी, नकाशावर रंगीत वर्तुळें उमटतात. ती कळ कोणती, हें शिकविणारे दोनतीन दिवसांचे वर्ग आहेत, आणि त्यांचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पवईच्या आय. आय. टी.सारख्या ठिकाणीं पर्यावरणशास्त्राचें रीतसर अध्ययन होतें, तें निराळें. तेथें सिद्धांत आधीं येतो. परंतु प्रकल्पाचे अहवाल लिहिणाऱ्या सर्व हातांना तेवढा अवकाश मिळाला असेल असें नाहीं. अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांस सरकारमान्यता मिळण्यासाठीं हवामान व वायुगणित जाणणारा स्वतंत्र तज्ज्ञ दाखवावा लागतो, हा नियम चांगला आहे. तरीही रीत येणें आणि रीतीविषयीं शंका घेतां येणें या दोन भिन्न विद्या आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी या व्यवसायांत आहे. त्यानें एकदां आम्हांस एक काल्पनिक धुराडें मांडून दाखविलें. पहिलें उत्तर फार समाधानकारक आलें. शेजारच्या वस्तींत धुराची भर नांवापुरती. आम्हीं विचारलें, "ही भर कोठें मोजलीस?" तो म्हणाला, "जमिनीवर, सर. सॉफ्टवेअर आपण होऊन जमीनच धरतें." मग त्यानें मोजण्याचें स्थळ बाराव्या मजल्याच्या खिडकीशीं नेलें, आणि तोच आंकडा कित्येक पटींनीं वाढला. धुराडें तेंच, वारा तोच, धूर तेवढाच. मोजणारा तेवढा वर चढला होता.

हा नुसता खेळ नव्हे. आपल्याकडे धुराड्याच्या उंचीचा एक सरकारी हिशेब आहे. ताशीं किती किलो सल्फर डायॉक्साइड वायु बाहेर पडतो तो आंकडा घ्यावा, त्याचा ०.३ हा घात काढावा, व १४ नें गुणावें. जितके मीटर येतील तितकी उंची, परंतु ३० मीटरांहून कमी नको. ताशीं दहा किलो वायूस २८ मीटर येतात, म्हणून ३० धरावयाचे. वीस किलोंस ३४ मीटर येतात. वायु दुप्पट झाला, पण उंची फार थोडी वाढली, हें आमच्या विद्यार्थिवाचकांनीं स्वतः करून पाहावें. आतां ३४ मीटर म्हणजे साधारण अकराव्या मजल्याची उंची. जेथें चाळी व बैठीं घरें आहेत तेथें ती पुरेशी असेल. पण अंधेरीच्या मरोळ-साकीनाक्याकडे, घाटकोपर ते मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोहों बाजूंस, जुन्या कारखान्यांच्या जागीं व शेजारीं वीसवीस, तीसतीस मजल्यांचीं घरें झालीं आहेत. जें धुराडें काल आकाशांत धूर सोडीत होतें, तें आज कोणाच्या तरी बाळंतिणीच्या खोलींत सोडीत असेल. मोजण्याचें स्थळ उंच नेण्याची सोय एरमॉडमध्यें आहे. उंच इमारतीच्या आडोशानें लोट खालीं कसा खेंचला जातो, याचाही हिशेब त्यांत होतो. मात्र तें सांगावें लागतें. न सांगितल्यास यंत्र विचारीत नाहीं.

वाऱ्याची गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. मुंबईंत हिंवाळ्यांत दुपारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो आणि अंधेरीची हवा घाटकोपर-मुलुंडकडे ढकलतो. रात्रीं तो पडतो, आणि पुढें जमिनीकडून समुद्राकडे मंद झुळूक वाहूं लागते. म्हणजे दुपारीं गेलेला धूर रात्रीं कांहीं अंशीं परत येतो. एरमॉड प्रत्येक तास स्वतंत्र धरतो. गेल्या तासाच्या धुराची त्यास आठवण नाहीं. असा परतणारा धूर मोजावयाचा तर धुराच्या एकेका पुंजक्याचा माग ठेवणारें 'कॅलपफ'सारखें निराळें गणित घ्यावें लागतें. आणि वारा मुळींच पडला असतां काय होतें? गणितांत धुराची दाटी वाऱ्याच्या वेगानें भागावयाची असते, आणि शून्यानें भागतां येत नाहीं हें चौथींतला मुलगाही सांगेल. म्हणून वारा निपचीत पडलेले तास सरासरींतून वगळले जातात. आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या रात्रीं आजोबांचा दमा उसळतो, ज्या पहांटे खिडक्या लावून घ्याव्या लागतात, त्याच बहुधा या निपचीत रात्री. आणि हिशेबाच्या वहींत नेमकीं तींच पानें कोरीं राहतात.

तोही वारा कोठला? हवामान खात्याची सांताक्रूझची वेधशाळा या कामीं मोठा आधार आहे. तेथून पहांटे व सायंकाळीं साडेपांचच्या सुमाराच्या वेधांसाठीं उपकरणें बांधलेला फुगा आकाशांत सोडतात, आणि वरच्या हवेचें तपमान कळतें. पण बोरिवली व मुलुंड यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. बोरिवलीस समुद्राकडचा वारा सरळ मिळतो. मुलुंडास तो डोंगर ओलांडून वा वळसा घालून मिळतो. सांताक्रूझच्या सपाट मैदानावरचा वारा तसाच्या तसा मुलुंडास लावणें म्हणजे उज्जयिनीचा सूर्योदय रत्नागिरीस लावण्यासारखें आहे. कित्येक अहवालांत तर नोंदलेला वाराही नसतो. दुसऱ्या संगणकानें रचलेला वारा विकत घेऊन पहिल्यास देतात. तसें करण्यास हरकत नाहीं, पण तो स्थानिक नोंदींशीं ताडून पाहिला होता काय, एवढें विचारण्याचा अधिकार रहिवाशांस आहे.

कांहीं धूर असा असतो कीं त्यास धुराडेंच नसतें. २०१६ च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीस आग लागली. तिचा धूर उपग्रहांच्या चित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. किती कचरा जळला, त्यांत प्लास्टिक किती, ताशीं धूर किती, हें कोणी तोलून ठेविलें नव्हतें. अशा वेळीं कोणतेंही सॉफ्टवेअर अंदाजावर अंदाज रचतें. रस्त्यावरची धूळ, बांधकामाची माती, बेकऱ्यांच्या लांकडाच्या भट्ट्या यांचेंही असेंच.

म्हणून वेध हवेत. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनें मुंबईच्या धुराचीं कुळें शोधण्याचें काम केलें, त्याचा अहवाल २०१० च्या सुमारास निघाला. तींत अंधेरी व मुलुंड हीं उपनगरें होतीं. प्रत्येक स्थळाभोंवतीं दोन किलोमीटर लांब-रुंद चौकोन आंखून त्यांतील भट्ट्या, वाहनें, चुली यांची गणती केली होती. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें 'सफर' ही अंदाज वर्तविणारी व्यवस्था २०१० सालीं दिल्लींत सुरू करून २०१५ सालीं मुंबईंत आणली, आणि अंधेरी, बोरिवली, मालाड, भांडुप अशा ठिकाणीं यंत्रें बसविलीं. पुढें राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानें मुलुंडास व महानगरपालिकेनें घाटकोपरास यंत्रें बसविलीं. गणितानें काल काय सांगितलें आणि यंत्रानें आज काय पाहिलें, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची सोय यामुळें झाली. वायुगणिताच्या प्रत्येक वर्गांत पहिला दिवस या ताळ्यास द्यावा आणि कळा मागाहून शिकवाव्या, असें आमचें मत आहे.

आतां घरच्या उपयोगाचें. २००६ च्या सप्टेंबरांतील अधिसूचनेप्रमाणें वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामास आधीं पर्यावरणाची परवानगी लागते. सूक्ष्म धुळीची आपल्या देशांतील मर्यादा २००९ पासून दिवसाची सरासरी घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं १५ सांगितली. समजा, एखादा अहवाल म्हणतो कीं प्रकल्पानें केवळ एकाची भर पडेल. तो एक खरा असेल. पण मुळांत भांडें किती भरलेलें आहे? तें एका ऋतूंतच मोजलें तरी चालतें, पावसाळा मात्र नको. मग कोणी मार्गशीर्ष-पौषांत मोजतो, कोणी चैत्र-वैशाखांत, जेव्हां समुद्राचा वारा भरपूर असतो. दोघेही नियमांतच असतात.

असे अहवाल केंद्रसरकारच्या 'परिवेश' या व्यवस्थेवर २०१८ पासून ठेविले जातात. घरांतील एखाद्या कॉलेजांतील मुलास वा सुनेस सांगून आपल्या वस्तीनजीकचा एक अहवाल उघडावा. हवेच्या प्रकरणांत पाकळ्यापाकळ्यांचें एक वर्तुळ सांपडेल. त्यास 'विंड रोज' म्हणतात, आणि कोणत्या दिशेनें किती वेळ वारा वाहिला हें तें दाखवितें. बहुधा त्याच्याच कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत, निपचीत तासांचें शेंकडा प्रमाण छापलेलें असतें. प्रथम तें पाहावें, मग तारखा पाहाव्या, आणि शेवटीं मोजणीचें यंत्र कोणत्या गच्चीवर ठेविलें होतें तें पाहावें.