पायगाडीचे पहिले धडे

मनुष्यानें निर्माण केलेल्या वाहनांत पायगाडी हें मोठें विलक्षण वाहन आहे. तें थांबलें म्हणजे पडतें आणि चालूं लागलें म्हणजे उभें राहतें. बैलगाडींत बसणारास बैल सांभाळतात, आगगाडींत बसणारास रूळ सांभाळतात. येथें मात्र बसणारानें गाडीस सांभाळावें आणि गाडीनें बसणारास, असा परस्परांचा करार असतो. तो पक्का होईपर्यंत ज्या फजित्या होतात, त्या घरोघरीं सांगण्यासारख्या असतात.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा धानाचा मुलूख बराचसा सपाट, म्हणून सायकलीस अनुकूल. नवशिक्यास येथें दोन गुरु लाभतात. एक मुरमाचा रस्ता आणि दुसरा बांधींतील चिखल. पहिला गुडघे सोलून शिकवितो, दुसरा कपडे माखून. श्रावणांत शिकणारा त्या मानानें भाग्यवान म्हणावयाचा.

पूर्वी घरांत सायकल असे ती एकच, आणि तीही मोठ्या माणसाच्या उंचीची. दहा वर्षांच्या मुलानें ती चालवावी कशी? त्यावर बालबुद्धीनेंच उपाय काढला. दांड्याखालून एक पाय पलीकडे घालावा, एका हातानें हॅण्डल व दुसऱ्यानें दांडा धरावा, आणि अंग वांकडें करून अर्धें अर्धें पायडल मारीत जावें. हीच ती सुप्रसिद्ध ‘कैची’. कैची, दांडा आणि सीट असे सायकलस्वाराचे तीन आश्रम असत. चौथा आश्रम म्हणजे कॅरियरवर स्वस्थ बसून दुसऱ्यास चालवूं देणें. त्या संन्यासाची गोडी मात्र पहिल्या तिन्ही आश्रमांतील मंडळींसही असे!

साधनांची तऱ्हा याहून मौजेची. धोतराचा सोगा साखळींत सांपडला कीं प्रतिष्ठित गृहस्थ भर रस्त्यांत ओणवे होऊन पायडल उलटें फिरवीत असलेले दिसत. म्हणून घोट्याशीं सुतळी बांधून मगच स्वारी निघे. पातळाचा पदर आंत ओढला जाऊं नये यास्तव मागल्या चाकावर दोऱ्याची जाळी विणीत. ब्रेकचें रबर झिजलें तर चपलेचा तळ चाकावर दाबावयाचा. अंधारांत दिव्यावांचून जाणाऱ्यास शहरांत पोलीस अडवी. त्यावर तोड म्हणून कोणी हॅण्डलाला कंदील टांगी, तर कोणी कागदाच्या पुड्यांत मेणबत्ती लावी. या दिव्यानें स्वारास रस्ता दिसत नसे. पोलिसास स्वार दिसे, एवढेंच. बाभळीच्या कांट्यानें आडरानांत ट्यूब फुटली तर टायरांत तणीस ठांसून भरावी. मग गाडी धक्के देत कां होईना, घरीं पोंचे. वाटेंत एखादी गाय आपुलकीनें मागें लागली तर तिचा दोष नाहीं.

या कामचलाऊ युक्त्यांस हंसणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, सायकल स्वतःच अशा युक्त्यांतून घडलेली आहे. १८१७ सालीं जर्मनींतील कार्ल ड्राइस यानें जी दुचाकी काढली, ती लांकडाची असून तिला पायडलच नव्हतें; जमिनीला पाय रेटीत ती पुढें न्यावयाची. मागल्या चाकास साखळीनें गति देणारी आजच्यासारखी सायकल स्टार्ली यानें इंग्लंडांत १८८५ सालीं रूढ केली. बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीस हादरे बसूं नयेत म्हणून रबराची नळी हवेनें फुगवून चाकावर बसविली आणि १८८८ सालीं तिचा हक्क नोंदविला. मुलाच्या खेळण्यावर बापानें केलेली ती एक तात्पुरती सोयच होती!

त्याच १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं सायकलींचें लहानसें दुकान काढलें. ते सायकली विकीत, दुरुस्त करीत आणि चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे घेत. पुढें १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखानदारीचें मूळ या दुकानांत आहे. पडण्याची शिकवणीही द्रव्य देऊन घ्यावी, इतकें त्या विद्येचें तेव्हां अप्रूप होतें.

नवशिक्याच्या चुका मात्र बेळगांव काय नि गोंदिया काय, सर्वत्र सारख्याच. पहिली चूक दृष्टीची. रस्ता वीस हात रुंद, त्यांत म्हैस एकच. तिला चुकवावयाचें म्हणून मुलगा तिच्यावर डोळे लावतो आणि नेमका तिच्यावरच जाऊन आदळतो. जिकडे दृष्टि तिकडे हात वळतात. म्हणून वाट पाहावी, म्हैस पाहूं नये. दुसरी चूक उतरण्याची. चढावयास सर्व शिकवितात, उतरावयास कोणी शिकवीत नाहीं. मग चक्रव्यूहांतील अभिमन्यूप्रमाणें मुलगा मैदानास फेऱ्या घालीत ‘धरा, धरा’ म्हणून ओरडत राहतो.

तिसरी चूक मर्माची आहे. गाडी डावीकडे कलूं लागली कीं नवशिका घाबरून हॅण्डल उजवीकडे ओढतो, आणि तत्काळ पडतो. खरा नियम उलट आहे. ज्या बाजूस तोल जात असेल त्याच बाजूस किंचित् वळावें, म्हणजे चाकें अंगाखालीं येतात व तोल सांवरतो. फिरत्या चाकांच्या वेगानेंच सायकल उभी राहते, अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु तो परिणाम नाहींसा केलेली सायकलही स्वतःचा तोल राखते, हें शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं प्रयोगानें दाखविलें; पडतांना त्या बाजूस वळणें, हेंच त्यांतील मुख्य सूत्र. हें सूत्र पाठांतरानें येत नाहीं. तें अंगांत मुरावें लागतें, आणि मुरण्यास दोनचार वेळां पडावें लागतें.

म्हणूनच हा विषय केवळ विनोदाचा नाहीं. मानव विकास कार्यक्रमांत आमच्या जिल्ह्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस शाळेंत जाण्याकरितां सायकली देण्याची योजना आली. बिहारांत २००६ सालीं मुलींसाठीं अशीच योजना सुरू झाली. तेथें माध्यमिक शाळेंतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनीं वाढल्याचें मुरलीधरन व प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१७ सालच्या अभ्यासांत दिसून आलें. परंतु सायकल सरकार देईल. पडण्याची मुभा घरच्यांनींच द्यावयाची असते. मुलगा गुडघा फोडून आला तर आपण हंसतों. मुलगी खरचटून आली तर आजीपासून काकांपर्यंत सारें घर सायकल कुलूपबंद करावयास धांवतें. असें झालें तर ती सायकल पडवींत गंजते आणि मुलीची शाळा दूरच राहते.

यास्तव घरांतील वडील मंडळींस एक सोपी युक्ति सुचवितों. सायकलीचीं दोन्ही पायडलें पान्यानें काढून टाकावीं, दोन्ही पाय जमिनीस पुरते टेंकतील इतकी सीट खालीं करावी, आणि सपाट मैदानांत मुलीस नुसते पाय रेटीत जाऊं द्यावें. तोल आला कीं पायडलें पुन्हा बसवावीं. ड्राइसची दोनशें वर्षांपूर्वीची अपुरी गाडी अशी आजही उत्तम गुरु ठरते. मागून सीट धरून धांवणाऱ्या काकांनींही योग्य वेळीं हात सोडावा, आणि ती पडलीच तर आधीं तिला उठूं द्यावें. हळद मागाहून लावतां येते.