संसदेवर झेंडा कोणता?

बर्लिनमधल्या जर्मन संसदेवर, बुंडेस्टागवर, समलिंगी व पारलिंगी समाजाचा इंद्रधनुषी झेंडा पहिल्यांदा फडकला २०२२ मध्ये, त्यांच्या वार्षिक मिरवणुकीच्या दिवशी. २०२५ मध्ये नव्या अध्यक्षा युलिया क्लॉकनर यांनी तो रिवाज थांबवला. संसदेने तटस्थ राहावं, हे त्यांचं कारण. गंमत अशी, की १७ मे रोजी हाच झेंडा त्यांनी लावू दिला. १९९० मध्ये त्याच तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली होती. म्हणजे आक्षेप झेंड्याला नव्हता, दिवसाला होता. चान्सलर मेर्झ मात्र ‘संसद म्हणजे सर्कशीचा तंबू नव्हे’ असं बोलून गेले आणि तटस्थतेचा मुद्दाच झाकोळला. शिवाय, चालत आलेला झेंडा काढणं हीसुद्धा एक बाजू घेणंच, असं विरोधकांचं म्हणणं. ते सहज उडवून लावण्यासारखं नाही.