वंगणाची पारख

दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासून पाहा. थोड्याच वेळात ते ऊन होतील. आता तळहातांवर खोबरेल तेलाचे चार थेंब घ्या आणि पुन्हा तसेच घासा. हात सहज सरकू लागतील व पूर्वीइतकी ऊब जाणवणार नाही. दोन तळहातांच्या मध्ये तेलाचा पातळ थर आल्यामुळे त्यांचे घर्षण कमी झाले. घर्षण कमी करणाऱ्या अशा पदार्थास वंगण म्हणतात. बैलगाडीच्या आसाला वंगण मिळाले नाही, तर चाक करकरते आणि बैलांना ओढ जड जाते, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मोटारीच्या इंजिनालाही वंगण लागते. मात्र तेथे वेग आणि उष्णता ही दोन्ही फार मोठी असल्यामुळे वंगण पारखूनच घ्यावे लागते.

इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर आतील प्रत्येक दट्ट्या दर सेकंदाला ५० वेळा खालीवर होतो. त्याच्या डोक्यावर इंधन जळत असते. अशा स्थितीत धातूवर धातू घासला, तर काही मिनिटांतच इंजिन तापून जाम होईल. केसाहूनही पातळ असा तेलाचा थर या दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतो. शिवाय तेल उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात सामावून घेते आणि गंज चढू देत नाही. इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यातून एक पंप हे तेल सतत वर चढवीत असतो.

तेलाचा मुख्य गुण म्हणजे त्याचा दाटपणा. शास्त्रात यालाच श्यानता म्हणतात. पाणी झटकन ओघळते, मध सावकाश ओघळतो. कारण मधाची श्यानता अधिक आहे. काकवी तापवली की ती पातळ होते आणि गार झाली की पुन्हा घट्ट होते. इंजिनातील तेलाचेही असेच होते. फार पातळ तेलाचा थर तुटतो. फार दाट तेल अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही. या दोहोंचा मध्य साधणे हे खरे कौशल्य होय.

हा मध्य ओळखता यावा म्हणून अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या एस. ए. ई. या संस्थेने १९११ साली तेलांचे दाटपणानुसार वर्ग ठरवले. पुढे त्यांत अनेक सुधारणा झाल्या आणि आज जगभर तेच वर्ग चालतात. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० असे जे छापलेले असते, ते हेच वर्ग. बाजारात त्यांस ग्रेड म्हणतात. इंग्रजीत तेलाच्या ‘वजना’ची भाषा करतात, पण या आकड्यांचा तराजूशी काहीही संबंध नाही. ते उष्णतेचे अंशही नव्हेत. दुसरा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असता किती दाट राहते, हे सांगतो. ३० पेक्षा ४० चे तेल दाट आणि ४० पेक्षा ५० चे अधिक दाट. पहिल्या आकड्याजवळचे डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. तो आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर वाहू लागते. लडाखच्या हिवाळ्यात पहिल्या आकड्याला फार महत्त्व येते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुसऱ्याला.

एकच तेल थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट कसे राहते, असा प्रश्न तुम्हांस पडेल. या तेलात लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ मिसळलेले असतात. गारव्यात हे रेणू आखडून बसतात व उष्णतेत फुलून पसरतात. त्यामुळे तापलेले तेल फाजील पातळ होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकहून कसारा घाटाने मुंबईस भाजी पोहोचवणाऱ्या एका कुटुंबाने साठवलेल्या पैशांतून दहा वर्षे चाललेला डिझेल टेम्पो विकत घेतला, असे समजा. तेल बदलण्याची वेळ आली. गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० असे छापले आहे. पूर्वीचा मालक कोणते तेल घालीत होता, हे कोणालाच माहीत नाही. दुकानदार निराळ्याच कंपनीचा डबा पुढे करतो. शेजारी सांगतो, “इंजिन जुने झाले आहे, ५० चेच तेल घाला.” आणखी कोणी बजावतो, “कंपनी बदलाल, तर इंजिन बसेल!” इंजिन बिघडले, तर घराची सारी पुंजी आणि रोजची भाकरी दोन्ही धोक्यात येणार. मग कोणाचे ऐकावे? येथे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे सोडवले पाहिजेत. कंपनी बदलावी काय? आणि ग्रेड बदलावी काय?

पहिला प्रश्न सोपा आहे. पूर्वीच्या काळी मोटारींत व विमानांत एरंडेल तेलही वापरीत. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ साली रूढ झालेले नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले आहे. एरंडेल खनिज तेलात नीट मिसळत नाही. म्हणून त्या काळी तेल बदलताना फार जपावे लागे. आज मोटारींसाठी मिळणारी प्रमाणित तेले एकमेकांत मिसळू शकतील अशीच बनवलेली असतात. म्हणून कंपनी बदलल्याने इंजिन बसत नाही. मात्र ग्रेड तीच असली पाहिजे आणि तेलाचा गुणवर्गही पुस्तिकेत सांगितलेलाच हवा. हा गुणवर्ग डब्यावर ए. पी. आय. या अक्षरांपुढे छापलेला असतो. त्यात ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी आणि ‘सी’ने सुरू होणारे डिझेल इंजिनांसाठी असतात. मोटारसायकलींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल मिळते. मोटारीचे फार निसरडे तेल तेथे घातले, तर क्लच घसरू लागतो. तेव्हा मोटारसायकलीला तिच्यासाठी बनवलेले तेलच द्यावे.

दुसरा प्रश्न अधिक विचाराचा आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने इंजिनाचे भाग झिजतात आणि त्यांच्यामधील फट वाढते. त्या फटींतून तेल लवकर निसटते, तेलाचा दाब उतरतो आणि काही तेल दट्ट्याच्या कड्यांजवळून वर जाऊन जळते. मागून निघणारा निळसर धूर हीच त्याची खूण. अशा इंजिनात थोडे दाट तेल घातले, तर ते फटींत अधिक टिकते, दाब वाढतो आणि तेल कमी जळते. शेजाऱ्याच्या सल्ल्यात एवढे तथ्य निश्चित आहे.

परंतु दाब वाढला म्हणजे तेल अधिक पोहोचले, असे मात्र नव्हे. नळीने ताक पिऊन पाहा आणि मग त्याच नळीने दाट लस्सी पिऊन पाहा. लस्सी ओढण्यास जोर अधिक लागतो, पण तोंडात कमी येते. इंजिनाच्या पंपाची गत तीच होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतील तेल तळाशी उतरलेले असते. पहाटे गाडी सुरू होताच ते वरच्या भागांपर्यंत तत्काळ पोहोचले पाहिजे. फाजील दाट तेलाला तेथे जाण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात धातू झिजतो. दाट तेल ढकलण्यात इंधनही अधिक खर्च होते. नव्या बांधणीच्या इंजिनांतील वाटा फार बारीक असतात. त्यांना तर हे मुळीच सोसत नाही. शिवाय दाट तेल झीज भरून काढीत नाही. ते ती झाकते. काही विक्रेते इंजिनाचा खडखडाट दबावा म्हणून मुद्दाम दाट तेल भरून ठेवतात. म्हणून जुनी गाडी घेताना केवळ आवाजावर न जाता जाणत्या मेकॅनिककडून इंजिन तपासून घ्यावे.

तर मग या कुटुंबाने काय करावे? इंजिन थोडे तापल्यावर जुने तेल पूर्ण काढावे, फिल्टर नवा बसवावा आणि पुस्तिकेतील ग्रेडचे तेल भरावे. तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नव्या तेलातील शोधक द्रव्ये जुना चिकट गाळ सोडवतात. म्हणून पहिल्या वेळी पुढचा बदल नेहमीपेक्षा लवकर करावा. तेल काळे झाले, एवढ्याने ते वाईट ठरत नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते दुधाळ दिसले, तर मात्र त्यात पाणी शिरले आहे असे समजून तत्काळ मेकॅनिक गाठावा. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी असणे घातक आहे, तसेच जास्त असणेही बरे नव्हे. कारण मग तेलाला फेस येतो. अशा नोंदींनंतरही तेल जळत असेल आणि पुस्तिकेतील कोष्टकात उष्ण हवेसाठी अधिक दाट ग्रेडला मुभा असेल, तर एक पायरी वर जावे. कोष्टकात ती नसेल, तर तेल बदलण्याऐवजी इंजिन दुरुस्त करावे.

काढलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. ते जमिनीत मुरून पाणी दूषित करते. डब्यात साठवून ते पुन्हा शुद्ध करण्यासाठी गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

दुकानदार, शेजारी आणि तिसरा सल्लागार यांपैकी कोणीही पूर्ण चुकीचा नव्हता. पण पूर्ण बरोबरही कोणी नव्हता. डब्यावरील चित्र किंवा लोकांचा बोलबाला पाहून निर्णय घेणे सोपे असते. इंजिन मात्र तेवढ्याने चालत नाही. त्याला योग्य दाटपणाचे, योग्य प्रतीचे तेल वेळच्या वेळी लागते. पुस्तिका वाचणारा, पट्टी पाहणारा आणि वहीत नोंद ठेवणारा मालक जुन्या गाडीकडूनही दीर्घकाळ काम करून घेतो.

स्वाध्याय

१. डब्यावरील १५डब्ल्यू-४० या खुणेतील दोन्ही आकड्यांचा अर्थ सांगा.
२. ‘दाट तेल झीज भरून काढीत नाही, ते ती झाकते’ हे विधान स्पष्ट करा.
३. तेलाची कंपनी बदलताना कोणत्या दोन गोष्टी पाहाव्यात?
४. पाणी, गोडे तेल आणि मध एका उतरत्या पाटीवरून ओघळू द्या. प्रत्येकास लागलेला वेळ मोजून वहीत लिहा.