परीक्षेची गोष्ट – ११ : दिपोटींना कोण तपासणार?

मॅट्रिकची गोष्ट या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ती एक आठवडा पुढे ढकलतो, कारण मध्येच एक पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून लिहायला बसणं मला जमेना.

पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. दिपोटी यायचे म्हणून शाळा शेणानं सारवली जायची, दाराला तोरण लागायचं, मळक्या अंगरख्याच्या पोरांना मास्तर घरी पिटाळायचे, हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं. पुढे त्या विचारतात : शाळा सरकारची, मास्तर सरकारचा आणि दिपोटीही सरकारचाच, मग त्या तपासणीला अर्थ तो काय राहिला?

बाई, अगदी याच प्रश्नावरून १८८२ साली मुंबई इलाख्यात कडाक्याची जुंपली होती.

१८५५मध्ये शिक्षणखातं उभं राहिलं, हे आपण पाहिलंच. वर डायरेक्टर, त्याच्या हाताखाली विभागाविभागाचे इन्स्पेक्टर आणि जिल्ह्याला डेप्युटी, म्हणजे आपले दिपोटी. सरकारी हायस्कुलं, ट्रेनिंग कॉलेजं, गावोगावच्या मराठी शाळा, सगळ्यांचा कारभार या साखळीकडे. आज हायस्कुलाचा हेडमास्तर असलेला माणूस उद्या डेप्युटी होई. शाळा चालवणारेही हेच, तिची परीक्षा घेणारेही हेच आणि वर्षअखेर शाळा कशी चालली याचा अहवाल छापणारेही हेच.

एवढ्यावर भागतं तर भांडण पेटलं नसतं. पण मिशनच्या आणि खाजगी शाळांना सरकारी मदत द्यायची की नाही, दिली तर किती, हेही याच खात्याचे इन्स्पेक्टर ठरवत. मुंबई इलाख्यात त्यासाठी निकालावर ग्रँट देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाला एकेका विषयात तपासणार, पास झालेल्यांची मोजदाद करणार आणि त्या हिशेबानं शाळेच्या पदरात पैसे पडणार. त्याच गावात सरकारचं हायस्कूल असेल तर इन्स्पेक्टर हा त्या हायस्कुलाच्याच घरचा माणूस. मिशनऱ्यांचं गाऱ्हाणं हेच होतं : ज्याच्याशी आमची चढाओढ, तोच आमचा न्याय करणार आणि त्याच्या स्वतःच्या शाळा मात्र बाहेरचं कुणी तपासणार नाही. गाऱ्हाणं करणाऱ्यांचा स्वार्थ उघड होता. सरकारनं वरच्या शिक्षणातून अंग काढून घ्यावं आणि ती जागा आपल्याला मिळावी, ही त्यांची आस होती. पण स्वार्थी माणसाच्या तोंडून आला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

ही पद्धत मूळची विलायतेची. तिथं १८६२मध्ये रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली आणली. मुलाच्या हजेरीचे चार शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांचे मिळून आठ. एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जायचे. कवी मॅथ्यू अर्नल्ड तेव्हा स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते आणि त्यांनी या पद्धतीला कसून विरोध केला. नेमलेलं वाचनपुस्तक पाठ केलेली आणि ते उलटं धरलं तरी घडाघडा ‘वाचणारी’ मुलं तिथल्या इन्स्पेक्टरांनी पाहिली. मला ती मुलं फार जवळची वाटतात. पावकी-निमकी न अडखळता म्हणणारी आणि बाजारात पावशेराचा हिशेब विचारला की गप्प होणारी मुलं आपल्याकडेही कमी नव्हती.

तर १८८२. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि तो प्रांतोप्रांती साक्षी घेत फिरला. आपल्याकडून काशिनाथ त्र्यंबक तेलंग सभासद होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलतर्फे वामन शिवराम आपट्यांनी साक्ष दिली. सरकारी पैशावाचून उभी राहिलेली ती शाळा तेव्हा जेमतेम अडीच-पावणेतीन वर्षांची होती. अशा शाळेला आपला कस दाखवायला मॅट्रिक हीच जागा. ती परीक्षा विद्यापीठाची; खात्याची नव्हे. (म्हणूनच मॅट्रिकला इतकं वजन आलं. पण ते पुढच्या वेळी.)

मला मात्र या सगळ्या साक्षींमध्ये एकीकडे पुन्हा पुन्हा वळावंसं वाटतं. ती आहे जोतीराव फुल्यांची, १९ ऑक्टोबर १८८२ची. ब्राह्मणेतरांचं शिक्षण, प्राथमिक शाळांवरचा तुटपुंजा खर्च, मास्तरांची जात आणि पगार यांवर ती सतत उद्धृत होते. तपासणीबद्दल त्यांनी जे मांडलं, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

वर्षातून एकदा होणारी इन्स्पेक्टरची फेरी जवळजवळ निरुपयोगी आहे, असं त्यांनी सांगितलं. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी. शिवाय अधूनमधून, आगाऊ वर्दी न देता, शाळेत जाऊन उभं राहावं. गावच्या आणि तालुक्याच्या अंमलदारांवर हे काम सोपवू नये. त्यांच्यामागे सतरा कामं, आले तरी वरवर पाहून जातील. युरोपियन इन्स्पेक्टरनंही मधूनमधून यावं, त्यानं मास्तरांवर वचक राहील. आणि निकालावर ग्रँट गरिबांच्या शिक्षणाला लागू पडणार नाही, कारण जिथं शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही तिथं त्या भरवशावर शाळा काढून पोट भरण्याचं धाडस कोण करील?

वर्दी न देता या, ही मागणी वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मिशनऱ्यांच्या लेखी स्वतंत्र परीक्षक म्हणजे खात्याबाहेरचा माणूस. तो पगार कुणाचा खातो, हा त्यांचा प्रश्न. जोतीरावांना दिसत होतं ते निराळं. मास्तर आणि दिपोटी बहुधा एकाच समाजातले, एकाच पंक्तीचे. मागच्या बाकावरच्या शूद्राच्या, अतिशूद्राच्या पोराला मास्तर शिकवतो की नुसता बसवून ठेवतो, हे पाहायला त्या पंक्तीबाहेरचे डोळे हवेत. युरोपियन इन्स्पेक्टर त्यांना हवा होता तो याचसाठी, असं मला वाटतं. गोऱ्या अंमलदारांबद्दलची भाबडी भक्ती त्यात मला दिसत नाही.

आणि हे सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या शाळा तपासायला कुणापुढे ठेवल्या होत्या? १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजच्या आवारात त्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा झाली. २३७ मुली बसल्या होत्या आणि बघायला सुमारे ३,००० माणसं लोटली होती. त्या गर्दीत निंदकही असणारच. मूल अडखळलं तर सगळ्या पेठांना कळणार होतं. सरकारी शाळांच्या वाट्याला अशी परीक्षा किती वेळा आली असेल?

खात्याच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी. मोडी, मराठी आणि देशी हिशेब जाणणारा, घोड्यावरून खेडोपाडी हिंडायला तयार असलेला परीक्षक खात्याबाहेर त्या काळी आणायचा कुठून? अनेक दिपोटी मनापासून राबले. आयोगानंही १८८३च्या अहवालात तपासणीच्या रचनेत मोठी उलथापालथ सुचवली नाही. सरकारी शाळा मिशनऱ्यांच्या हाती गेल्या नाहीत, निकालावर ग्रँटची पद्धत कॉलेजांना लावू नये असं ठरलं आणि प्राथमिक शाळांत ती चालू राहिली. कर्झनच्या काळात ती मोडीत निघाली. तपासणारा आणि तपासला जाणारा मात्र एकाच छपराखाली राहिले.

बाई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून एवढीच भर. गेली कितीतरी वर्षं मी जुन्या मराठी शाळांची शेरेबुकं मिळतील तिथं चाळत आलो आहे. बहुतेक शेरे एका साच्याचे असतात : पट अमुक, हजर तमुक, शिस्त ठीक, काम समाधानकारक. तारखाही दरसाल त्याच हंगामातल्या. कोकणातल्या एका शाळेच्या शेरेबुकात मात्र ओळीनं दोन शेरे आहेत, एकाच दिपोटींच्या हातचे. पहिला नेहमीच्या साच्यातला. दुसरा त्यानंतर थोड्याच दिवसांचा : वाटेवर शाळा लागली म्हणून सहज डोकावलो, दार बंद होतं, शेजारी विचारलं तर मास्तर भातलावणीला गेलेले. खाली सही, आणि सहीच्या आधी समाधानकारक हा शब्द लिहून खोडलेला.

त्या पानाचा फोटो तुमच्या पत्त्यावर पाठवला आहे. मॅट्रिक पुढच्या आठवड्यात.