बुडत्याचा पाय खोलात का जातो?

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपण नव्या नोकरीला लागणाऱ्याला सांगतो, नवरदेवालाही सांगतो. तेथे ते शोभून दिसते. प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतीत मात्र हे वाक्य धोक्याचे आहे. आठ वर्षांच्या पोराला विहिरीत ढकलले आणि शेजारी पट्टीचा पोहणारा काका असला, तर ते थोडेफार खरे ठरते. चाळिशीच्या गृहस्थाच्या बाबतीत साफ खोटे ठरते. याउलट ‘बुडत्याचा पाय खोलात’ ही म्हण अक्षरशः खरी आहे. या दोन म्हणींच्या मध्ये मोठ्या माणसाने पोहायला शिकण्याचा सगळा प्रश्न अडकलेला आहे, आणि तो मला आपल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांपुरता मांडायचा आहे.

माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याच्याच तोलाचे असते. छातीभर श्वास घेतला की बहुतेक माणसे गोड्या पाण्यात जेमतेम तरंगतात. श्वास पुरता सोडला की खाली जाऊ लागतात. म्हणजे तरंगण्याचा सारा हिशेब फुप्फुसांतल्या दोन-चार लिटर हवेवर चालतो. ही हवा छातीत, आणि जड हाडामांसाचे पाय दुसऱ्या टोकाला. त्यामुळे छाती वर उचलली जाते व पाय खाली ओढले जातात. त्यातच घाबरलेला माणूस मान वर काढतो, हात पाण्याबाहेर उंचावतो. नुसत्या डोक्याचे वजन चार-पाच किलो! शरीराचा जो भाग पाण्याबाहेर निघतो त्याचा भार पाणी उचलीत नाही, तो उरलेल्या शरीरावर पडतो. पाय आणखी खोल जातात, शरीर उभे होते, आणि उभे शरीर कितीही धडपडले तरी पुढे सरकत नाही. म्हण करणाऱ्याने आर्किमिडीज वाचला नसेल, पण काठावर उभे राहून नीट पाहिले होते खास.

आपल्याकडे उसातून हिंडणारा बिबट्या रात्री विहिरीत पडतो, ही बातमी आता नवी राहिलेली नाही. वनखात्याची माणसे येऊन बाज किंवा पिंजरा खाली सोडीपर्यंत तो पोहत राहतो, कपारीला धरून राहतो. त्याला कोणी शिकवले? चार पायांच्या प्राण्याची जमिनीवर चालताना जी ठेवण असते तीच पाण्यातही चालते: पाठ आडवी, नाक वर, पाय चालू. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा त्याने पुष्कळ मिळवले, पण एवढे मात्र गमावले. पोहायला शिकणे म्हणजे पुन्हा आडवे व्हायला शिकणे. आणि उभे राहण्याची सवय ज्याची जितकी जुनी, तितके ते कठीण.

अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनला त्याच्या एका परिचिताने कळवले होते की, आता पोहायला शिकण्याचे माझे वय राहिले नाही. फ्रँकलिनला ते मान्य झाले नाही. त्याने उत्तरात एक युक्ती सुचवली. जेथे तळ हळूहळू खोल होत जातो अशा जागी छातीइतक्या पाण्यात जावे, वळून काठाकडे तोंड करावे, आणि आपल्या व काठाच्या मध्ये एक अंडे टाकावे. ते तळाशी स्वच्छ दिसेल. मग डोळे उघडे ठेवून बुडी मारून ते उचलण्याचा प्रयत्न करावा. अंड्यापर्यंत पोहोचणे किती जड जाते, पाणी आपल्याला कसे वर ढकलीत राहते, हे तेव्हा अंगाला कळते. उथळ पाण्याकडे तोंड असल्याने हवे तेव्हा उभेही राहता येते. मला ही युक्ती फार मार्मिक वाटते. मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हटले की पुरते. मोठ्या माणसाला पुरावा लागतो.

आपल्या आजोबांच्या पिढीची पद्धत वेगळी, पण अडाणी नव्हती. पायऱ्यांची बांधीव विहीर, कमरेला दोन सुक्या भोपळ्यांची सांगड किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, आणि दोराचे दुसरे टोक जाणत्याच्या हातात. पुढे भोपळ्याची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली, डब्याची ट्रकच्या ट्यूबने. भोपळा कमरेशीच का? ज्या टोकाला निसर्गाने हवा दिली नाही, तेथे माणसाने ती बांधली! कंबर वर आली की पाय वर येतात आणि शरीर आपोआप आडवे होते. ट्यूबचे तसे नाही. काखेत अडकवलेली ट्यूब माणसाला उभाच ठेवते. तिच्यावर उन्हाळाभर लोंबकळूनही कित्येकांना पोहणे येत नाही ते यामुळेच.

खरी अडचण मात्र शरीराची नाही, लाजेची आहे. कपडे काठावर ठेवले की त्यांच्याबरोबर हुद्दाही काठावर राहतो. ज्यांच्यासमोर सारा गाव अदबीने बोलतो असे गृहस्थ भोपळा बांधून विहिरीच्या पायरीला घट्ट धरून बसले आहेत, आणि त्यांच्या नातवाच्या वयाची पोरे वरून मुटके मारून त्यांच्या तोंडावर पाणी उडवीत आहेत, हे दृश्य पाहून हसू आवरणे कठीण. आणि हे हसू ऐकूनच दुसऱ्या दिवशी गृहस्थ येत नाहीत. याचा एक सुरेख चित्रपट होईल. 2018 साली इंग्लंडमध्ये ‘स्विमिंग विथ मेन’ आणि फ्रान्समध्ये ‘ल ग्राँ बँ’ असे दोन चित्रपट निघाले; दोहोंत मनाने खचलेले, पोट सुटलेले मध्यमवयीन पुरुष एकत्र येऊन तालबद्ध जलनृत्य शिकतात. आपण आधी त्यांच्या पोटांना हसतो, मग त्यांच्या बाजूचे होतो. मराठीत उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ (2009) या चित्रपटात पाणी फार गंभीर आहे, ते मृत्यूचे कोडे घालते. हसता हसता पाण्यात उतरवणारा चित्रपट आपल्या भागात, आपल्या बोलीत निघालेला मला पाहायचा आहे.

हे केवळ हौसेपोटी म्हणत नाही. गेल्या दोन पिढ्यांत आपल्याकडचे पाणी बदलले. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शिवारात प्लॅस्टिकच्या कागदाची तळी दिसू लागली. पाणी वाढले, पण जेथे पोहणे शिकत त्या विहिरी बोअर आल्यावर ओस पडल्या. शेततळ्याला ना पायरी ना कपार. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही. काठावर खुंटीला बांधून गाठी मारलेला एक दोर आत सोडून ठेवणे, एवढाच त्यावर स्वस्त उपाय आहे. तो फार थोड्या ठिकाणी दिसतो.

बायकांची गोष्ट याहून बिकट. पाणी भरणे, धुणी, नवरात्राआधी गोधड्या धुणे, सारा पाण्याचा धंदा त्यांच्याकडे; आणि सांगड बांधली ती मुलग्यांना. भिजलेली गोधडी किती जड होते हे जिने ती ओढली आहे तिलाच ठाऊक. पाय घसरला, की ठाव सुटायला एक पाऊल पुरते. तेव्हा आरडाओरडही होत नाही. बुडणाऱ्याचे तोंड क्षणभर वर येते ते श्वासासाठी, हाकेला सवडच नसते. शेजारच्या बाईला पाठ फिरवून उभे असताना काही कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. अशा वेळी काठावरच्या न पोहणाऱ्याने उडी घेऊ नये. लुगडे, दोर, काठी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते टाकावे.

वय झाले म्हणणाऱ्यांना मी मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगतो. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा सांगली जिल्ह्यातला जवान उपचारासाठी म्हणून पोहण्याकडे वळला, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळवले. आपल्याला पदक नको आहे. दहा हात अंतर तोडून काठ गाठता आला तरी पुष्कळ. त्यासाठी क्रम सोपा आहे. आधी कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून नाकाने बुडबुडे सोडायचे. मग कोणीतरी पाठीखाली तळहात धरला असता कान पाण्यात बुडवून उताणे पडायचे. हे दुसरे जमले की निम्मे काम झाले, कारण उताण्या माणसाचे नाक वरच असते आणि त्याला दम घ्यायला फुरसत मिळते. हातपाय मारणे त्यानंतर. आणि शेवटचे दोन दिवस अंगावर रोजचे कपडे ठेवून पोहावे: पुरुषाने पँट-सदरा, बाईने नऊवारी असेल तर नऊवारी. शेततळ्यात कोणी कपडे काढून पडत नाही.