नवशिक्याची पहिली मोटार

एक काळ असा होता की, भारतात जुनी मोटार ही स्वस्त वस्तू नव्हतीच. फियाट किंवा अँबॅसडरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ज्याच्या हाती गाडी असे, तो ती वापरून झाल्यावरही नव्या गाडीच्या जवळपास किंमत मागू शके. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र हळूहळू पालटू लागले. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोपर्यंत लहान मोटारींची दाटी झाली होती, आणि एकाने वापरून सोडलेली गाडी दुसऱ्याने घेणे ही मध्यमवर्गीय घरांतील नित्याची बाब बनली होती.

नुकताच परवाना मिळालेल्या चालकाने पहिली गाडी जुनी घ्यावी, हा सल्ला वडीलधारी मंडळी देतात आणि तो चुकीचाही नाही. पहिल्या वर्षात फाटकाच्या खांबाला गाडी घासणारच. मग ती नवी कोरी कशाला? परंतु या सल्ल्यात एक अडचण दडलेली आहे. नवशिक्याने आजवर एकच गाडी चालविलेली असते, ती प्रशिक्षण वर्गाची. तीही बाजूला बसलेल्या शिक्षकाच्या भरवशावर. चांगला ब्रेक पायाखाली कसा लागतो, सरळ सोडलेले स्टिअरिंग एका बाजूस ओढले जाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. म्हणजे ज्याला दोष ओळखता येत नाहीत तोच दोष असण्याचा अधिक संभव असलेली गाडी घेतो, आणि ऐन वेळी तो दोष सावरून घेण्याचे कसबही त्याच्याच अंगी सर्वांत कमी असते. अनुभवी चालक ढिला ब्रेक ओळखून आधीच वेग कमी करतो. नवशिका मात्र तो ढिला आहे हे समोरची गाडी थांबल्यावर शिकतो.

म्हणून गाडी पाहावयास जाताना परिचयातील एखादा जाणता मेकॅनिक बरोबर न्यावा, आणि तो विक्रेत्याने सुचविलेला नसावा. त्याला द्यावे लागणारे पैसे वाया जात नाहीत. दुसरे असे की, जवळची सारी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. टायर, बॅटरी, ब्रेकचे लायनर, विमा आणि नावावर करण्याचा खर्च हे सारे खरेदीनंतर लगेच पुढे उभे राहते. दोन लाखांची गाडी घेऊन टायरसाठी हात आखडणाऱ्यापेक्षा दीड लाखाची गाडी घेऊन तिला नवे टायर घालणारा शहाणा होय.

टायरच्या बाबतीत फसगत सहज होते, कारण नक्षी खोल दिसली की टायर चांगला असे आपण मानतो. वस्तुतः कमी चाललेल्या गाडीचे रबर नक्षी शाबूत असतानाच कडक होऊन तडकते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१६ असे लिहिले असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे, हेच उत्तम. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. तापल्यानंतरही न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे थंड ठेवणारे पाणी आत शिरत आहे. काटा किती किलोमीटर दाखवितो यावर फार विसंबू नये, तो मागे फिरविता येतो. क्लचच्या पायपट्टीवरील रबर आणि चालकाच्या आसनाची कड मात्र सहसा खोटे बोलत नाहीत.

पुरात बुडालेल्या गाड्यांविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. मुंबईत जुलै २००५ मध्ये, चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये आणि केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन, पुसून, अत्तर शिंपडून दूरच्या गावी विकता येते; तिच्या विजेच्या तारांतील गंज मात्र महिनोन् महिने आतल्या आत काम करीत राहतो. आसनाचा पट्टा पूर्ण ओढून काढावा. एरवी गुंडाळलेल्या त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ दिसली, तर पुढची बोलणी करण्याचे कारण नाही.

गाडीचे वय हा केवळ किमतीचा प्रश्न नव्हे. चाके जखडू न देणारी ब्रेकव्यवस्था आणि चालकासमोरील हवेची पिशवी या दोन्ही गोष्टी भारतात सर्व नव्या मोटारींना २०१९ मध्ये सक्तीच्या झाल्या. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत त्या नाहीत. घाबरून ब्रेकवर पाय रोवणे ही नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असल्याने पहिली सोय त्याला इतरांहून अधिक उपयोगाची आहे. तेव्हा ऐसपैस जुन्या गाडीऐवजी त्याच किमतीत नंतरची लहान गाडी मिळत असेल, तर लहानच घ्यावी, मग तिच्यात गाण्यांची सोय नसली तरी चालेल.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अधिक घरे त्यानेच अडचणीत आणली आहेत. नोंदणी प्रमाणपत्रावरील इंजिन व चॅसीचे क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. प्रमाणपत्रावर एखाद्या बँकेचा बोजा असेल तर तो उतरविल्याखेरीज पैसे देऊ नयेत. गाडी परराज्यातील असल्यास ना-हरकत दाखला आणि नव्या राज्याचा कर या दोन्ही गोष्टी आल्याच. दिल्लीतील मोटारी अन्यत्र स्वस्त मिळतात, त्याचे एक कारण म्हणजे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर तेथे घातलेली बंदी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंमलबजावणीत काही शिथिलता आणली. ती स्वस्ताई वाहतुकीचा खर्च आणि नवा कर मिळवून मगच मोजावी.

गाडी नावावर करण्याचे काम ‘सवडीने’ यावर सोडले जाते. कायद्याने खरेदीदारास त्यासाठी तीस दिवसांची मुदत दिली आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. अशा वेळी विकणारा फसतो असे वाटेल, परंतु घेणाराही निर्धास्त नसतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा मालकीबरोबर आपोआप सरकतो. गाडीच्या स्वतःच्या मोडतोडीचा विमा मात्र कंपनीकडे नाव बदलून घेतल्याशिवाय उपयोगी पडेलच असे नाही, आणि विनादाव्याची सवलत तर जुन्या मालकाबरोबरच जाते. किल्ली घेताना दोघांनी सही करून तारखेबरोबर वेळही लिहून ठेवावी, कारण त्या दिवशी सकाळी झालेला वाहतूक दंड कोणाचा, हा वाद संध्याकाळीच उपस्थित होऊ शकतो.