माशांच्या पिलांसाठी घरचे जिवंत खाद्य

शोभेचे मासे वाढवून विकणे हा जोडधंदा थोड्या जागेत व थोड्या भांडवलात करता येतो. त्यात मोठी हानी होते ती पिलांच्या पहिल्या आठवड्यात. अंडी उत्तम फुटतात, टाकी पिलांनी भरून जाते, आणि चार-पाच दिवसांत बहुतेक पिले मरतात. रोग समजून पाण्यात औषध टाकले जाते. परंतु पुष्कळदा खरे कारण उपासमार हेच असते.

नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या पोटाशी बलकाची पिशवी असते. ती संपताच त्याच्या मुखात मावेल असे खाद्य मिळावे लागते. गप्पी व मोली यांची पिले जन्मतःच मोठी असल्याने बारीक भुकटी खातात. गुरामी व फायटर यांची पिले मात्र अतिसूक्ष्म असतात. त्यांना हलते, जिवंत खाद्यच लागते. भुकटी तळाशी कुजून पाणी तेवढे बिघडवते.

पहिले खाद्य : नर-मादी एकत्र सोडण्यापूर्वी दोन दिवस एका बरणीत तळ्याचे गाळलेले पाणी घ्यावे. त्यात केळीच्या सालीचा लहान तुकडा टाकून तोंडास फडके बांधावे. पाणी प्रथम दुधाळ होते व त्यास दुर्गंधी येते. चार-पाच दिवसांनी ते निवळून वास गेला, म्हणजे सूक्ष्म जीव तयार झाले असे समजावे. हे पाणी पिलांच्या टाकीत दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे घालावे.

दुसरे खाद्य : पिले काहीशी वाढल्यावर त्यांना मोइना ही जलपिसू द्यावी. नुकत्याच जन्मलेल्या मोइनाची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. अनुकूल स्थितीत मादी नराशिवायच चार-पाच दिवसांत पिले देऊ लागते. १०० लिटर पाणी दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जाते. नंतर सुमारे १५० ग्रॅम सुके शेण फडक्यात बांधून त्यात सोडावे आणि तळ्यातील मोइनाचे विरजण घालावे. चतुराची पिले व पाणकिडे वेचून काढावेत. ते मोइनाचा फडशा पाडतात. आठवड्याभरात मोइनाचे ढग दिसू लागतात. रोज चतुर्थांशाहून अधिक काढू नये. काढलेली मोइना फडक्यावर स्वच्छ पाण्याने धुऊनच पिलांना द्यावी.

मोइना लालसर दिसू लागल्यास पाण्यात प्राणवायू कमी झाला असे जाणावे. शेणाची पिशवी काढून पाणी ढवळावे. टाकी कधी कधी एकाएकी बसते. यास्तव आठवड्याच्या अंतराने दोन टाक्या लावाव्यात.

सर्व भांड्यांवर बारीक जाळीचे कापड घट्ट बांधणे अत्यावश्यक आहे. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. त्यातून हिवताप व डेंग्यू यांचा प्रसार होतो. डासांच्या अळ्या मासे आवडीने खातात हे खरे. तथापि त्या घरी वाढविणे सर्वस्वी अयोग्य होय.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी शेतकरी बांधवांस एवढेच पटवून द्यावे की, पिले जन्मल्यावर खाद्याची धावाधाव करून उपयोग नाही. आधी खाद्य तयार करावे, मगच नर-मादी एकत्र सोडावेत.